उताणा रोबोट

रोबोट उताणा पडला होता. पोटाचं झाकण उघडं, त्यावर लाल त्रिकोण, त्रिकोणात उद्गारचिन्ह, आणि खाली दोनच शब्द: ‘नो कमांड’. अँड्रॉइडच्या रिकव्हरी मोडसाठी, म्हणजे मुख्य सिस्टम बिघडली की दुरुस्तीसाठी उघडायच्या वेगळ्या पडद्यासाठी, हे चित्र ज्याने काढलं, त्याला ते गमतीचं वाटलं असेल. रात्री साडेबाराला दुसऱ्याचा टॅबलेट मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला ते शवविच्छेदनाच्या टेबलासारखं दिसतं.

खरं तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. रिकव्हरी सुरू झाली आहे आणि पुढे काय करायचं ते तिला कुणी सांगितलेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. पॉवरचं बटण दाबून धरायचं, आवाज वाढवायचं बटण एकदा टिचकावायचं, की रोबोट बाजूला होतो आणि काळ्या पडद्यावर कामांची यादी येते. आवाजाच्या बटणांनी खाली-वर जायचं, पॉवरच्या बटणाने निवडायचं. बोटाने पडद्यावर कितीही टोचा, उपयोग नाही. हे सगळं मला येत होतं. विसरले होते ते वेगळंच, आणि ते फार महागात पडणार होतं.

टॅबलेट आत्याचा. म्हणजे मूळ माझा, दोन वर्षांपूर्वी तिला दिलेला. तिचे हात थरथरतात, लिहिणं बंद झालंय, पण बोलण्यात अजून ती कुणाला हार जात नाही. म्हणून आवाज रेकॉर्ड करायचं एक साधं अ‍ॅप टाकून दिलं, मोठ्ठं लाल बटण असलेलं. बटण दाबायचं, आठवेल ते सांगायचं, पुन्हा दाबायचं. ती सांगत गेली. १४३ फायली झाल्या. टॅबलेटची स्वतःची जागा १६ जीबी, त्यातली बरीचशी अँड्रॉइडनेच बळकावलेली, म्हणून ६४ जीबीचं मेमरी कार्ड मीच घातलं होतं.

मग एका रात्री सिस्टम अपडेट आलं, आत्याने ‘हो’ म्हटलं, आणि अपडेट अर्ध्यात असताना बॅटरी संपली. तेव्हापासून कंपनीचा लोगो उजळायचा, मावळायचा, पुन्हा उजळायचा. तासभर ठेवलं तरी तेच.

मी निवांत होते. रेकॉर्डिंग कार्डावर आहेत, कार्ड काढू, संगणकाला लावू, संपलं. कार्ड लावलं आणि संगणकाने नम्रपणे विचारलं, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

ज्याने कधी काही गमावलंय त्याला हा प्रश्न ओळखीचा असेल. मी ‘नको’ दाबलं, एवढी अक्कल शाबूत होती. पण निष्कर्ष काढून मोकळी झाले: कार्ड गेलं.

एकदा कार्ड गेलं असं ठरवलं की सगळे उपाय त्याच दिशेने सुचतात. मायक्रोएसडी कार्ड म्हणजे १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड. नखावर मावतं. पाठीवर आठ सोनेरी पट्ट्या. मी भिंग घेऊन पाहिलं तर त्यातल्या दोन पट्ट्यांवर करडी साय धरल्यासारखं दिसत होतं. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. तोच प्रश्न. मोठ्या अडॅप्टरच्या कडेची कुलपाची खिट्टी पाहिली. (ही खिट्टी म्हणजे निव्वळ प्लॅस्टिकचा तुकडा. ती वर आहे की खाली हे कार्डाला कळतच नाही, रीडरमधला छोटा स्विच ते पाहतो आणि लिहायला नकार देतो. मायक्रोएसडीला स्वतःची खिट्टी नसते. तरी आपण सगळे दर वेळी ती हलवून बघतोच.) रीडर बदलला. काही फरक नाही.

फ्लॅश मेमरी झिजते हेही डोक्यात होतं. आयुष्य संपत आलेल्या कार्डाचं एक लबाड लक्षण असतं: तुम्ही लिहिता, ते ‘झालं’ म्हणतं, आणि काढून पुन्हा लावलं की जुनंच सगळं जागच्या जागी. फॉरमॅट मारला तरी जुन्या फायली हसत उभ्या. पण हे तपासायचं तर कार्डावर लिहावं लागतं, आणि लिहायचं नाही हे मी पक्कं केलं होतं. आधी आख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत घेतली. बाइटला बाइट. दीड तास लागला, आणि वाचताना एकही चूक आली नाही.

आता मागे वळून पाहताना हसू येतं. मेलेलं कार्ड शेवटच्या बाइटपर्यंत बिनचूक वाचलं गेलं, आणि तरीही मला शंका आली नाही.

त्या प्रतीवर मी फोटोरेक नावाचं, हरवलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. नावात फोटो असलं तरी ते सगळ्या प्रकारच्या फायली शोधतं. फाईल सिस्टमच्या यादीकडे ते बघतच नाही, कच्च्या बाइटांत ओळखीच्या सुरुवाती हुडकतं. प्रत्येक जातीच्या फाईलचं डोकं ठरलेलं असतं, जेपेग असेल तर पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५. यादी पुसली गेली तरी माल तिथेच पडलेला असतो, म्हणून फॉरमॅट झालेल्या कार्डातूनही शेकडो फोटो परत मिळतात. मला रात्रभरात काय मिळालं? तीन फायली. तिन्ही न उघडणाऱ्या. दोन वर्षं रोज वापरलेल्या कार्डावर ओळखीचं एक डोकंही नाही. मोडक्या घरात निदान भांडी सापडतात. इथे घर मोडलेलं नव्हतंच, पण ते मला उमगलं नाही.

सकाळी आत्याला फोन केला. कसं सांगायचं याची मी रात्रभर जुळवाजुळव केली होती.

“आत्या, तुझी रेकॉर्डिंग बहुतेक गेली गं.”

“सगळी?”

“सगळी.”

“बरं. मग परत सांगते की. मला कुठे घाई आहे?”

आणि तिने खरोखरच त्या दुपारपासून मला फोनवर पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करत गेले.

तेव्हा ठरवलं की रेकॉर्डिंग गेली ती गेली, निदान टॅबलेट तरी जिवंत करून द्यावा. म्हणून त्या रात्री उताणा रोबोट बाजूला करून यादीपाशी आले. यादीत कॅशे पार्टिशन पुसायची सोय असते (पार्टिशन म्हणजे मेमरीत आखलेला वेगळा कप्पा). ती निरुपद्रवी, तात्पुरता पसारा जातो, तुमचं काही जात नाही. ती वापरून पाहिली होती, लोगो तसाच. तिच्या शेजारी दुसरी ओळ: ‘वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट’. ही वापरली की टॅबलेट कोरा. मी तिथवर आले, निवडली, आणि ‘नको, नको, नको, हो, नको’ अशी एक लांबलचक यादी आली. चुकून बोट पडू नये म्हणून जुन्या रिकव्हरीत नकारांच्या रांगेत एकच होकार दडवलेला असायचा. मी मोजत मोजत होकारापाशी थांबले.

थांबले, कारण फोन वाजला. माझी एक मैत्रीण याच क्षेत्रात आहे आणि तिला झोप नसते. संध्याकाळी तिला सगळी कहाणी लिहून पाठवली होती. नमस्कार नाही, काही नाही.

“कार्ड पहिल्यांदा घातलंस तेव्हा टॅबलेटने काय विचारलं होतं?”

“काय विचारणार? कसं वापरायचं ते.”

“आणि तू काय निवडलंस?”

मी गप्प. आठवत होतं. दोन पर्याय होते, पोर्टेबल आणि अंतर्गत. टॅबलेटची जागा कमी पडत होती म्हणून मी मोठ्या हुशारीने ‘अंतर्गत’ निवडलं होतं.

“रिसेट मारला नाहीस ना अजून?” तिने विचारलं. मी अंगठा बटणावरून उचलला.

‘अंतर्गत’ची ही सोय अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली आली. कार्ड टॅबलेटने दत्तक घ्यायचं. दत्तक घेताना टॅबलेट कार्डावरचं सगळं पुसतो, त्याची नव्याने वाटणी करतो आणि मोठा हिस्सा १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने कुलूपबंद करतो. किल्ली कार्डावर ठेवत नाही. ती टॅबलेटच्या स्वतःच्या डेटा पार्टिशनमध्ये एका छोट्या फाईलमध्ये राहते. म्हणून असं कार्ड दुसऱ्या कुठल्याही यंत्रात घातलं की ते बिघडल्यासारखं दिसतं. कुलूपबंद बाइटांना डोकं नसतं, शेपूट नसते, फोटोरेकला त्यात कचऱ्याशिवाय काही दिसणार नाही. मी प्रतीची वाटणी पुन्हा उघडून पाहिली. सुरुवातीला १६ एमबीचा एक बारका तुकडा, त्याचं नाव ‘अँड्रॉइड मेटा’, आणि उरलेला सगळा ‘अँड्रॉइड एक्स्पांड’. नावासकट लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

आणि ‘वाइप डेटा’ ही ओळ नेमकं तेच डेटा पार्टिशन पुसते. कार्डाला ती हात लावत नाही, तशी गरजही नसते. किल्ली गेली की कार्ड शाबूत असून नसल्यासारखं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे फाशीचा दोर मी स्वतः ओढायला बसले होते, आणि संन्याशाच्या झोळीत १४३ फायली होत्या.

तर आता काम उलटं झालं. कार्ड ठीक आहे. टॅबलेटची सिस्टम अर्धवट लिहिली गेली आहे. डेटाला न दुखवता सिस्टम पुन्हा लिहायची. त्यासाठी रिकव्हरीत दोन रस्ते असतात, संगणकावरून केबलने अपडेट ढकलणं किंवा कार्डावरून उचलणं. केबलचा रस्ता बंद होता. त्या टॅबलेटचं पोर्ट इतकं सैल की चार्जिंगसुद्धा विशिष्ट कोनात वायर धरली तरच. एक जीबीची फाईल त्यातून ढकलताना वायर हलली असती तर आगीतून फुफाट्यात. राहिला कार्डाचा रस्ता. आत्याचं कार्ड काढून पाकिटात ठेवलं, पाकिटावर ठळक अक्षरांत ‘फॉरमॅट नको’ लिहिलं, आणि खणातून १२८ जीबीचं दुसरं कार्ड काढलं. टॅबलेट बनवणाऱ्यांच्या साइटवरून त्याच मॉडेलचं पूर्ण अपडेट उतरवलं, कार्डावर टाकलं, रिकव्हरीत गेले.

‘फेल्ड टू माउंट एसडीकार्ड. इनव्हॅलिड आर्ग्युमेंट.’

या ‘एसडीकार्ड’ शब्दापाशी थोडं थांबायला हवं, कारण अर्धा गोंधळ याच नावाने घातलेला आहे. २००८ साली पहिले अँड्रॉइड फोन आले तेव्हा त्यांच्या पोटात जागा जेमतेम असायची. फोटो, गाणी सगळं कार्डावर, आणि त्या कार्डाचा पत्ता ‘एसडीकार्ड’. नाव आणि वस्तू एकच. मग २०११ मध्ये टॅबलेटसाठी अँड्रॉइड ३ आलं. आता पोटातच भरपूर जागा. पण तोवर हजारो अ‍ॅप्सच्या डोक्यात तो पत्ता पक्का बसलेला. तो बदलला असता तर सगळी अ‍ॅप्स रस्ता चुकली असती. म्हणून पत्ता तोच ठेवला आणि घर बदललं. डेटा पार्टिशनमधल्याच एका फोल्डरला ‘एसडीकार्ड’ म्हणायला लागले. ज्या टॅबलेटला कार्डाची खाच नाही त्यातही ‘एसडीकार्ड’ असतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तो असा.

रिकव्हरीत याचा आणखी विचका होतो. टॅबलेटबरोबर आलेल्या मूळ रिकव्हरीत ‘एसडीकार्ड’ म्हणजे बहुधा खरंखुरं, खाचेतलं कार्ड. टीडब्ल्यूआरपीसारखी बाहेरची रिकव्हरी घातलेली असेल तर तिथे ‘एसडीकार्ड’ म्हणजे पोटातली जागा, आणि खाचेतल्या कार्डाला ‘एक्स्टर्नल एसडी’. त्यात पोटातली जागा कुलूपबंद असेल आणि कुलूप उघडलं नसेल तर ती रिकव्हरी ‘० एमबी’ दाखवते आणि आपली पाचावर धारण बसते. एकाच शब्दावरून दोन माणसं तासभर वाद घालू शकतात आणि दोघंही बरोबर असतात.

माझी रिकव्हरी मूळची होती, म्हणजे तक्रार खाचेतल्या कार्डाबद्दल होती. आणि ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ हा शब्दप्रयोग ऐकायला उर्मट असला तरी त्यात माहिती आहे. कार्ड सापडलं, पण त्यावरची मांडणी मला वाचता येत नाही, असं कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, म्हणतो आहे. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एसडीएक्ससी जातीची, आणि ती विकत आणता तेव्हाच एक्सफॅटमध्ये मांडलेली असतात. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टचं, २००६ सालचं, आणि बरीच वर्षं परवान्याच्या कुंपणात होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केला २०१९ मध्ये. त्याआधीच्या टॅबलेटमध्ये बनवणाऱ्याने वेगळी तजवीज केली असेल तर मुख्य सिस्टमला एक्सफॅट वाचता यायचं. पण रिकव्हरी ही मुख्य सिस्टम नव्हे. ती वेगळ्या पार्टिशनमध्ये राहणारी, स्वतःचा कर्नल आणि मूठभर साधनं घेऊन उठणारी छोटी सिस्टम. वरच्या मजल्यावर कोण काय शिकलंय याचा तिला पत्ता नसतो. कार्ड रोज टॅबलेटमध्ये चालतं म्हणजे रिकव्हरीतही चालेल, हे गृहीतक इथेच आपटतं.

दुसरं कार्ड शोधलं, १६ जीबीचं. लिनक्सवर बसले, एका ओळीच्या आज्ञेत फॅट३२ या जुन्या, साध्या मांडणीत केलं, फाईल टाकली.

‘फेल्ड टू माउंट एसडीकार्ड. नो सच फाईल ऑर डिरेक्टरी.’

आता चूक बदलली होती. लोक इथे कंटाळतात, मला उलट हुरूप आला. चूक बदलते आहे म्हणजे आपण हलतो आहोत. आधी कार्ड सापडत होतं पण वाचता येत नव्हतं. आता सापडतच नाही. असं कसं? मैत्रिणीला विचारायच्या आधीच उत्तर सुचलं, आणि ते सुचल्याचा आनंद अजून ताजा आहे. रिकव्हरीकडे एक छोटी यादी असते, कोणती जागा कुठल्या उपकरणावर आहे याची. टॅबलेटची आतली मेमरी ‘एमएमसीबीएलके शून्य’, खाचेतलं कार्ड ‘एमएमसीबीएलके एक’. पण यादीत नुसतं कार्ड लिहिलेलं नसतं, कार्डावरचं पहिलं पार्टिशन लिहिलेलं असतं. मी शहाणपणा करून पार्टिशन न पाडता आख्ख्या कार्डावरच फॅट३२ ओतलं होतं. संगणक असं कार्ड बिनबोभाट वाचतो. काही रिकव्हऱ्यांच्या यादीत दोन्ही शक्यता लिहिलेल्या असतात. माझ्या रिकव्हरीच्या यादीत नसाव्यात. ती पहिल्या खोलीचं दार शोधत होती आणि मी खोल्याच पाडल्या नव्हत्या.

कार्डावर साधी एमबीआर वाटणी लिहिली, एकच पार्टिशन, त्यावर फॅट३२. यावेळी ‘एसडी कार्डावरून अपडेट’ निवडल्यावर काळ्या पडद्यावर फाईलचं नाव दिसलं. एखादं फाईलचं नाव पाहून इतका आनंद व्हावा हे कुणाला सांगायची सोय नाही. निवडलं.

‘सिग्नेचर व्हेरिफिकेशन फेल्ड.’

यात कार्डाचा काही दोष नव्हता, माझा होता. उतरवलेली झिप फाईल ब्राउझरने आपणहून उलगडून फोल्डर केली होती आणि मी तो फोल्डर परत झिप करून टाकला होता. आतल्या फायली त्याच. पण बनवणाऱ्याची सही आख्ख्या झिपवर असते, झिपच्या शेपटीत. पुन्हा बांधलेल्या गठ्ठ्यावर ती कुठून येणार? फाईल पुन्हा उतरवली, न उलगडता, आणि साइटवर दिलेल्या चेकसमशी, म्हणजे फाईलच्या बाइटांवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी, ताडून पाहिली. चार्जरची वायर पुस्तकाखाली दाबून नेमक्या कोनात धरून ठेवली, कारण अर्ध्यात बॅटरी जाण्याचं नाटक एकदा पाहिलं होतं.

निळी पट्टी सरकायला लागली. मी खुर्चीतून हललेदेखील नाही. अकरा मिनिटांनी ‘कम्प्लीट’.

टॅबलेट पूर्ण बंद केला. पाकिटातून आत्याचं कार्ड काढलं, खाचेत सरकवलं, टक् आवाज आला. चालू केला. लोगो उजळला, मावळला नाही. अ‍ॅप्स एकेक करून तयार होताहेत असं बराच वेळ दाखवत राहिला आणि मग आत्याने ठेवलेलं गुलाबाचं चित्र आलं. रेकॉर्डिंगचं अ‍ॅप उघडलं. १४३.

पहिलं काम म्हणजे सगळ्या फायली वायफायवरून माझ्या संगणकावर घेतल्या, मग दुसऱ्या डिस्कवर. कार्ड पुढे पोर्टेबल करून घेतलं, जागा कमी पडली तर पडो.

तोवर आत्या फोनवर एकोणीस आठवणींपर्यंत पोचली होती. तिला सांगितलं, सापडली गं सगळी.

“हो का? आणि मी उगाच घसा कोरडा केला,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “सायकलची गोष्ट आहे का गं त्यात?”

आहे. दोन वर्षांपूर्वीच्या फाईलमध्ये सायकल तिच्या थोरल्या भावाची आहे, ती चोरून नेली आहे, आणि पडल्यावर तिने कुणाला सांगितलेलं नाही. परवा फोनवर सांगितलेल्या गोष्टीत सायकल मैत्रिणीची आहे, भाऊ मागून धरून धावतो आहे, आणि पडल्यावर दोघं मिळून हँडल सरळ करताहेत. दोन्हींत गुडघा डावाच.

मी दोन्ही फायलींना एकच नाव दिलं होतं, ‘आत्या, सायकल’. नवी फाईल जुन्यांच्या फोल्डरमध्ये टाकली तेव्हा संगणकाने विचारलं, या नावाची फाईल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?

‘दोन्ही ठेवा’ दाबलं.